जुनी लिंकन की जुनी कॅडिलॅक? गॅरेज 20 फुटांचं आहे

नोव्हीचा_नाना

मंडळी, आधीच सांगतो, शहाणपणाचा सल्ला नकोय, तो घरात फुकट मिळतोय.

1999 ला वायटूकेच्या (2000 सालच्या कॉम्प्युटर घोळाच्या) लाटेत न्यू जर्सीत नेवार्कला उतरलो तेव्हा कंपनीने न्यायला काळी लिंकन टाउन कार पाठवली होती. त्याआधी मागच्या सीटवर बसलो असेन ते फियाट टॅक्सीत नाहीतर मामाच्या ओम्नीत. इथे दार लावलं तर धप्प असा आवाज आणि बाहेरचा सगळा गोंगाट एकदम गप्प, पाय पसरले तरी पुढच्या सीटला लागेनात, टर्नपाइकवर खड्डा आला की दचका नाहीच, नुसती गाडी एकदा खाली जाऊन सावकाश वर यायची, होडीसारखी. बॅगेत आईने दिलेलं लोणचं फुटलं होतं आणि वास सुटला होता पण ड्रायव्हर बिचारा काही बोलला नाही. तेव्हापासून ही गाडी डोक्यात बसलीये.

2004 ला मिशिगनला आलो, नोव्हीत घर घेतलं, आणि रोज आय-96 वरनं ऑफिसला जाताना विक्समचा प्लांट दिसायचा, म्हणजे जिथे ह्या गाड्या बनायच्या तोच. 2007 ला तो बंद पडला, टाउन कार कॅनडात ओंटारिओला गेली, 2011 ला कायमची संपली, प्लांटही नंतर पाडला. मी रोज बघत बसलो आणि घेतली काय तर कॅमरी.

आता मुलगा कॉलेजला गेला, गॅरेजमध्ये एक जागा रिकामी झाली. दोन गाड्या नजरेत आहेत. एक 1989 ची टाउन कार, ती चौकोनी, गडद निळी, टपावर व्हिनाइल (रेक्झिनसारखं आवरण), आत निळं मखमल, 71 हजार मैल, ओहायोत फिंडलेजवळ एका आजींकडे आहे, साडेसात हजार डॉलर म्हणतायत. दुसरी 1995 ची कॅडिलॅक फ्लीटवुड ब्रूम, पांढरी, 1 लाख 12 हजार मैल, इथेच एका डीलरकडे, नऊ हजार. रोज चालवायची नाहीये, उन्हाळ्यात, शनिवार-रविवार, देवळात, मंडळात, कधी ट्रॅव्हर्स सिटीपर्यंत. कुठली घेऊ, काय बघून घेऊ, आणि इन्शुरन्स, नंबर प्लेट ह्याचं काय? बायको म्हणते घे, पण माझ्या शेल्फला हात लावायचा नाही. गॅरेजच्या मागच्या भिंतीला तिचं शेल्फ आहे, तांदळाची पोती, मोदकपात्र, गणपतीचं मखर वगैरे.


आठ_सिलिंडर

नाना, योग्य वयात योग्य रोग झालाय.

मी कोलंबसला असतो, 1991 ची कॅडिलॅक ब्रूम आहे, 5.7 लिटरवाली. त्याआधी 1987 ची होती, तिच्यात ओल्ड्समोबिलचं 307 क्युबिक इंचांचं इंजिन, 140 घोडे (हॉर्सपॉवर) आणि दोन टनांचं धूड, चढावर मागचा ट्रक हॉर्न द्यायचा आणि मी आपला शांतपणे कॅसेट बदलायचो. पण खरं सांगू का, ती गाडी मी जास्त एंजॉय केली. पळायला घेतलीच नव्हती ना. ह्या गाड्या चालवायची एक पद्धत आहे. गिअरचा दांडा स्टीअरिंगच्या बाजूला, तो आपल्याकडे ओढून खाली डीवर आणायचा, ब्रेक सोडायचा आणि मग काही करायचं नाही. गाडी स्वतःच निघते. स्टीअरिंग एका बोटाने फिरतं, बॉनेट एवढं लांब की टोकावरचं ते चिन्ह वेगळ्या गावात असल्यासारखं वाटतं. घाई असेल त्या दिवशी दुसरी गाडी काढावी.

आता कामाचं. गंज, गंज आणि गंज. इंजिनाचं काहीही होऊ दे, ते दुरुस्त होतं, पत्रा सडला की संपलं, कारण असल्या गाडीवर पत्र्याचं काम करायला गाडीच्या किमतीच्या दुप्पट पैसे लागतात. मिशिगन, ओहायोत रस्त्यावर मीठ टाकतात म्हणजे आधी खालून बघायचं, चासीचे मागचे भाग, दाराखालचे उंबरे, ब्रेकच्या लोखंडी नळ्या. मग व्हिनाइलचं टप. हे टप म्हणजे दिसायला लग्नातल्या फेट्यासारखं पण आत ओल धरून ठेवतं. मागच्या काचेच्या खालच्या कडेला अंगठ्याने दाबून बघा, कुरकुर आवाज आला किंवा फुगवटा हाताला लागला तर नमस्कार करून परत या. फ्रिजवरचं लोहचुंबक रुमालात गुंडाळून न्या, दाराच्या खालच्या कडेवरनं फिरवा, चिकटत नसेल तिथे पत्रा नाही, पुट्टी आहे.

कॅडिलॅकमध्ये अजून एक गंमत असते, बंपर आणि बॉडीच्या मध्ये लवचिक प्लॅस्टिकच्या पट्ट्या असतात, धक्का लागला तर बंपर आत जावा म्हणून. तीस वर्षांनी त्यांची खारी होते. अक्षरशः खारी. माझ्या 87 ची मागची पट्टी मी धुताना हातात आली, चहात बुडवायची बाकी होती. नव्या फायबरच्या मिळतात, बसवून रंगवून घ्याव्या लागतात.

आणि कुणी 'तिसरी एक स्वस्तात आहे' म्हणून 1981 ते 85 ची कॅडिलॅक दाखवली तर जाऊ नका. 81 ला आठातले दोन किंवा चार सिलिंडर आपोआप बंद होणारं इंजिन आणलं होतं, कल्पना चांगली होती पण तेव्हाच्या कॉम्प्युटरला झेपली नाही, लोकांनी वायर काढून टाकून चालवल्या. 82 पासून 4.1 लिटरचं आलं, ॲल्युमिनियमचा ब्लॉक आणि वर बिडाची हेड, त्यात कूलंट (इंजिन गार ठेवणारं पाणी) तेलात जायचं. ओल्ड्सचं 5.7 डिझेल तर त्याहून बदनाम. हे सगळं तेलटंचाईनंतर अॅव्हरेज वाढवायच्या घाईत झालं. 1976 ला कॅडिलॅकच्याच एल्डोराडोत 8.2 लिटरचं इंजिन होतं आणि ताकद किती तर 190 घोडे. त्या आकड्यावर माझा मुलगा हसतो, त्याच्या टर्बोवाल्या डब्यात दोन लिटरमध्ये जास्त आहे. हसू दे.


हिशोबी

शहाणपणाचा सल्ला नको म्हणालात तरी देतो. 1989 च्या टाउन कारला एअरबॅग नाही. ती 1990 च्या नव्या मॉडेलला आली. शहरात गॅलनला 15-17 मैल, हायवेला 24 च्या आसपास, तेही सगळं ट्यूनमध्ये असेल तर. ह्याच पैशात जुनी लेक्सस एलएस 400 मिळेल, तेवढीच शांत, इंजिन तीन लाख मैल जातं आणि वळणावर झोकांड्या खात नाही. मला ही भावनिक खरेदी वाटते.


ह्यूस्टनची_माई

हिशोबी, तुम्ही श्रीखंडात प्रोटीन किती ते विचारताय.

नाना, आमच्याकडे 1994 ची फ्लीटवुड आहे. ह्यांनी 2009 ला घेतली तेव्हा मी चार दिवस बोलले नव्हते. आता ह्यांच्यापेक्षा मीच जास्त चालवते. पुढे तीन, मागे तीन, सहा बायका नऊवारी नेसून एका गाडीतून मंडळाच्या गणपतीला गेलोय आणि कुणाची निरी मोडली नाही. मागच्या सीटवर बसताना वाकावं लागत नाही, आमच्या सासूबाईंच्या गुडघ्यांना सगळ्यात सोयीची गाडी हीच, त्या आल्या की हिच्याशिवाय दुसरीत बसत नाहीत, उंच एसयूव्हीत चढायचं म्हणजे त्यांना स्टूल लागतं. डिकीत दोन ढोल, ताशे आणि वर प्रसादाचं पातेलं आडवं न होता बसतं.

एकच, मागे बसणाऱ्याला गाडी लागते का विचारून घ्या. हसू नका. आमच्या धाकटीला कुठल्याच गाडीत त्रास नाही, हिच्यात मात्र वीस मिनिटांत 'आई थांब'. एवढं मऊ डोलतं की पोटाला कळत नाही आपण चाललोय की झोक्यावर आहोत. हायवेला बरी, गल्लीबोळात वळणावळणाने वाईट. आलेपाक ठेवते ग्लोव्ह बॉक्समध्ये.

95 च्या फ्लीटवुडबद्दल. इंजिन कॉर्व्हेटच्या घराण्यातलं एलटी1, 260 घोडे, ही पळते हो, सिग्नलला शेजारचा पोरगा बघतच राहतो. पण ह्या इंजिनाचं जगजाहीर दुखणं म्हणजे डिस्ट्रिब्युटर (सिलिंडरांना ठिणगी वाटून देणारा भाग), तो समोर अगदी वॉटर पंपाच्या खाली बसवलाय. पंप म्हातारा झाला की गळतो आणि गळतो तो नेमका त्याच्या डोक्यावर. मग पावसात, दमट हवेत गाडी ठसके देते. आमची बीचसिटीला जाताना अशी बंद पडली होती, आय-10 वर, आत चार माणसं आणि बाहेर 98 डिग्री. एका दुकानातनं स्वस्तातला पार्ट आणून बसवला तो तीन महिन्यांत गेला, मग चांगला घेतला, पंप आणि तो एकत्रच बदलला, नंतर त्रास नाही. डीलरला विचारा हे काम झालंय का, पावती दाखव म्हणा. पावती नसेल तर झालेलं नाही असं धरा आणि हजारभर कमी करा.

एक गोष्ट फ्लीटवुडच्या बाजूने. 94 नंतरच्या गाड्यांत एसीचा गॅस आर-134ए आहे. 89 च्या लिंकनमध्ये जुना आर-12 असणार, तो अमेरिकेत बनणं 1995 च्या अखेरीला बंद झालं. मिळतो, पण सोन्याच्या भावाने, नाहीतर सिस्टिम बदलून घ्यायची. एसी थंड देतो का ते स्वतः हात लावून बघा, 'जस्ट नीड्स अ रिचार्ज' म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका, नुसतं गॅस भरून भागत असतं तर त्यानेच भरला असता.


वुडवर्डवाला

नाना, मी ट्रॉयमध्ये आहे म्हणजे तुमच्या शेजारचाच. 1996 ची टाउन कार आहे माझ्याकडे, गोलसर अंगाची, बहुतेक तुम्ही नेवार्कला बसलात तसलीच.

प्लेटचं: मिशिगनमध्ये गाडी 26 वर्षांची झाली की हिस्टॉरिक प्लेट मिळते, तुमच्या दोन्ही बसतात. पण ती घेतली की गाडी शो, परेड, क्लबच्या कार्यक्रमांना न्यायची, भाजी आणायला नाही. फक्त ऑगस्ट महिनाभर कुठेही फिरवायला मोकळीक. ऑगस्टच का, तर तिसऱ्या शनिवारी वुडवर्ड ड्रीम क्रूझ असते, 1995 पासून, फर्नडेलपासून पाँटिॲकपर्यंत रस्ताभर नुसत्या जुन्या गाड्या आणि कडेला खुर्च्या टाकून बसलेले लोक. तुम्हाला देवळात, मंडळात जायचंय म्हणजे साधी प्लेट घ्या, उगाच पोलिसाला समजावत बसाल. इन्शुरन्स मात्र जुन्या गाड्यांचा वेगळा मिळतो तो घ्या, गाडीची किंमत आधीच दोघांनी ठरवायची, वर्षाला किती मैल ते सांगायचं. माझा नेहमीच्या गाडीपेक्षा खूप कमी येतो. गॅरेजमध्ये ठेवता का विचारतात, म्हणजे वहिनींच्या शेल्फचा प्रश्न आलाच.

89 ची घेतलीत तर एक फायदा, मागे साध्या स्प्रिंगा आहेत. 90 पासून मागे हवेचे फुगे आले. माझी एकदा टायरवाल्याकडे नेली, डिकीत हवेच्या सस्पेन्शनचा एक स्विच असतो, गाडी उचलायच्या आधी तो बंद करायचा असतो, मी त्या पोराला तीनदा सांगितलं, तो 'यस सर, यस सर' म्हणाला आणि तसाच जॅक लावला. एका बाजूचा फुगा गेला, गाडी मागून कुत्रा बसल्यासारखी बसली. घरी तशीच आणली, शेजारी विचारतो, डिकीत काय आहे?

89 ला वेगळी गोष्ट बघा. गिअरबॉक्स एओडी नावाचा ऑटोमॅटिक आहे, त्याला थ्रॉटलपासून एक केबल जाते, तिच्या टोकाला प्लॅस्टिकची एवढीशी रिंग असते, चिंचोक्याएवढी. ती जुनी होऊन फुटली की केबल निसटते, गिअरबॉक्सला कळतच नाही तुम्ही किती ॲक्सिलरेटर दिलाय, आतलं प्रेशर पडतं आणि काही मैलांत क्लच जळून जातात. दोन-चार डॉलरच्या रिंगेपायी गिअरबॉक्स. पितळी मिळते, ती बसवून घ्या, आणि घरी चालवत आणायच्या आधी बघा, नंतर नाही. बाकी 5.0 इंजिन मस्टँगच्याच कुळातलं, 150 घोडे, खालची चासी क्राउन व्हिक्टोरियाची बहीण. त्या चासीवर पोलिसांच्या आणि टॅक्सीच्या लाखो गाड्या निघाल्यात, कुठलाही साठीतला मेकॅनिक डोळे मिटून काम करेल. तिशीतल्याकडे नेऊ नका, तो लॅपटॉप कुठे लावायचा ते शोधत बसेल.


गिरगावचा_काका

मी अमेरिकेत नाही, पण वाचून राहवलं नाही. मुंबईत अमेरिकन गाड्या काय कमी होत्या का? जनरल मोटर्स 1928 पासून शिवडीला गाड्या जोडायची, स्वातंत्र्यानंतर कुर्ल्याच्या प्रीमियरमध्ये डॉज आणि प्लिमथ निघायच्या, फियाट नंतर आली. आमच्या चाळीसमोर एका डॉक्टरांची प्लिमथ असायची, रविवारी धुताना आम्ही पोरं बादल्या भरून द्यायचो, त्या बदल्यात चौपाटीपर्यंत एक फेरी. आम्ही नऊ जण मागे बसायचो. 1973 नंतर पेट्रोल असं भडकलं की ती गाडी ताडपत्रीखाली गेली, पुढे कुणीतरी घेऊन तिच्यात डिझेल इंजिन टाकलं असं ऐकलं. मागच्या सीटचा तो वास, लोकर आणि पेट्रोल मिसळलेला, अजून नाकात आहे. नाना, गाडी घ्या आणि फोटो टाका.


हिशोबी

काका, तुम्ही पण. बरं, माझा मुद्दा मी मांडला. फक्त नाना, गॅरेज मोजलंत का? आतून, शेल्फ धरून. लिंकन 219 इंच आहे, फ्लीटवुड 225.


नोव्हीचा_नाना

हिशोबी, तुमचे पाय कुठेत. काल रात्री टेप घेऊन मोजलं. गॅरेज आतून 240 इंच. शेल्फ 16 इंच. राहिले 224. म्हणजे लिंकन पाच इंच राखून बसते आणि फ्लीटवुड एका इंचाने बाहेर राहते. एका इंचाने हो! मी म्हटलं शेल्फ जरा... तर बायकोने नुसतं बघितलं. विषय संपला, कॅडिलॅक बाद. माई, तुमची गाडी चांगलीच आहे, पण आमच्याकडे मोदकपात्र आडवं आलं.


नोव्हीचा_नाना

अपडेट. आणली!

शनिवारी फिंडलेला गेलो, बायको आणि एक मित्र बरोबर. आजी 84 वर्षांच्या, गाडी त्यांच्या यजमानांची, हिवाळ्यात कधी बाहेर काढली नव्हती. लोहचुंबक फिरवलं, सगळीकडे चिकटलं. मागच्या काचेखाली अंगठा दाबला, डाव्या कोपऱ्यात किंचित फुगवटा होता, आजी स्वतःच म्हणाल्या इथे बघ, इथे एकदा पाणी मुरलं होतं. छताचं कापड मागे लोंबत होतं, त्यांनी टाचण्या लावून ठेवलेलं, टाचण्यांचे मणी पण निळे, गाडीला मॅचिंग. एसीतून कोमट हवा. केबलची रिंग बघितली, बोट लावलं तर तुकडा पडला. वुडवर्डवाला, तुम्हाला जेवायला बोलावणार आहे. पितळी रिंग खिशात नेलीच होती, तिथेच ड्राइव्हवेत बसवली, मित्राने टॉर्च धरला. एसी आणि कोपऱ्याचा फुगवटा दाखवून साडेसहा हजाराला ठरलं. निघताना आजींनी यजमानांची टोपी डॅशबोर्डवरनं उचलून घेतली आणि मग एक मिनिट आत बसल्या, रेडिओ लावला, बंद केला, उतरल्या. आम्ही तिकडे बघत नाही असं दाखवलं.

परत येताना मित्र कॅमरी घेऊन मागे, मी आणि बायको पुढे. आय-75 वर 65 ला लावली, क्रूझ कंट्रोल टाकला, खिडक्या थोड्या खाली. टोलेडोपर्यंत ती म्हणत होती सीट मऊच आहे, वास बरा आहे, अॅव्हरेज किती देते ते बघ. मनरो यायच्या आत झोपली. आमच्या लग्नाला 22 वर्षं झाली, मी गाडी चालवताना ही बाई कधी झोपलेली नाही, कायम पाय दाबून शेजारी ब्रेक मारत असते. मी आय-275 वरनं नोव्हीच्या एक्झिटला न वळता सरळ पुढे गेलो, पंधरा मैल उगाच, मित्राचे फोनवर फोन.

गॅरेजमध्ये छतावरनं दोरीला टेनिसचा बॉल टांगलाय, काचेला टेकला की थांबायचं. पाच इंच बरोब्बर उरतात, शेल्फ शाबूत.

आता एक अडचण. चाकांखाली लिंबं ठेवली, नारळ फोडला, ते ठीक, पण बायकोने बॉनेटवर ओल्या कुंकवाने स्वस्तिक काढलं, चांगलं वीतभर, बॉनेट मोठं आहे म्हणून. दुसऱ्या दिवशी पुसलं तर निळ्यावर गुलाबी छटा राहिलीये. जुना पेंट आहे, घासायची भीती वाटते. काय लावू?


आठ_सिलिंडर

घासू नका! पॉलिश मशीन तर अजिबात नको, क्लिअरकोट (रंगावरचा पारदर्शक थर) इतक्या वर्षांनी पातळ झालेला असतो, एकदा गेला की गेला. सावलीत, पत्रा गार असताना, कार शाम्पूने धुवा, मग भरपूर फवारा मारून क्ले बार (रंगावरची घाण ओढून काढणारी मऊ वडी) हलक्या हाताने, दोन-तीनदा. त्यातूनही राहिलं तर मायक्रोफायबरला थोडंसं आयसोप्रोपिल अल्कोहोल, अर्धं पाणी घालून, आधी कोपऱ्यात करून बघा. शेवटी वॅक्स. आणि पुढच्या वेळी काचेवर काढायला सांगा.


ह्यूस्टनची_माई

आमच्या पांढऱ्या गाडीवर 2009 चं अजून आहे. पेढे कधी?